शोकाच्या घरात कोणती स्तोत्रे वाचावीत?

माझगावकरीण

सर्वांना सलाम.

पावसाळ्याच्या तोंडावर माझा धाकटा भाऊ कामावरून परतताना हृदयविकाराच्या झटक्याने गेला. शिवडीच्या कबरस्तानात दफनविधी झाला. त्यानंतर मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, माणसे सांत्वनाला येऊ लागली आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाने बायबल उघडून वाचन केले, प्रार्थना केली. वाचनासाठी बहुतेकांनी दोनच स्तोत्रे निवडली, 23 आणि 91.

स्तोत्र 23 आईला तोंडपाठ आहे आणि ते ती सर्वांबरोबर म्हणते. परंतु 91 सुरू झाले की ती पदर तोंडाला लावून आत निघून जाते. भाऊ ते स्तोत्र रोज सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी वाचत असे, आणि त्यात तर म्हटले आहे की तुझ्या बाजूस हजार पडले तरी ते संकट तुझ्याजवळ येणार नाही. येणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण ज्या घरातून नुकतेच प्रेत उचलले गेले आहे, त्या घराने हे वचन ऐकावे तरी कसे?

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. यजमानांची संध्याकाळची गाडी जरा उशिरा आली की माझ्या छातीत धडधडू लागते आणि हातातले काम सुटते. विश्वासणाऱ्याने भिऊ नये, असे मला सांगितले जाते. त्यामुळे भीती जात नाही, फक्त ती बोलून दाखवायची लाज वाटू लागते.

बायबलमधील स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत, तेव्हा त्यांत आमच्यासारख्यांसाठी आणखी काही असणारच. जाणकारांनी सविस्तर लिहावे. नुसते अध्याय आणि वचनांचे क्रमांक कृपया पाठवू नयेत, तसे व्हॉट्सॲपवर पुष्कळ आले आहेत.

भायखळ्याचा_निवृत्त_पाळक

ताई, आपल्या मातोश्री उठून आत जातात यात अविश्वास नाही. स्तोत्र 91 चे शब्द त्या फार गंभीरपणे घेतात, म्हणूनच त्यांना ते ऐकवत नाहीत. सवयीने वाचणाऱ्याला ते मुळीच टोचत नाही.

या स्तोत्राचा आधार घेऊन नव्या करारात जो बोलतो तो सैतान आहे, ही गोष्ट सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि देवदूत तुला हातांवर झेलतील, हे याच स्तोत्रातील वचन ऐकवून खाली उडी टाकायला सांगतो. प्रभू ते वचन खोटे ठरवत नाही. परंतु त्याला विम्याचा कागद समजून देवाची परीक्षा पाहण्याचे मात्र तो साफ नाकारतो. पुढे त्याच प्रभूला खिळे ठोकले गेले तेव्हा कोणत्याही देवदूताने त्याला झेलले नाही. म्हणून ज्याच्या ओठी स्तोत्र 91 आहे त्याला मरण शिवणार नाही, असा अर्थ ख्रिस्ती माणसाला काढताच येत नाही. त्याच स्तोत्राच्या पंधराव्या वचनात देव म्हणतो की संकटात मी त्याच्याजवळ असेन. म्हणजे संकट येईल हे स्तोत्राने स्वतःच गृहीत धरले आहे. आपले बंधू रोज सकाळी ते वाचत होते, ते वाया गेले असे मी मानत नाही. पण हे आपल्या मातोश्रींना आताच समजावून सांगण्याची घाई कोणी करू नये. सध्या ते स्तोत्र बाजूला ठेवावे, आणि कोणी उघडलेच तर आपण नम्रपणे दुसरे सुचवावे.

आता दुसरे कोणते, याविषयी. हर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्तोत्रांची त्यांच्या प्रकारांनुसार मांडणी केली, तेव्हा विलापस्तोत्रांचा गट सर्वांत मोठा निघाला. इस्राएलाच्या प्रार्थनेच्या पुस्तकात स्तुतिगीतांपेक्षा रडगाऱ्हाणी अधिक आहेत, आणि आपल्या रविवारच्या उपासनेत मात्र ती क्वचितच ऐकू येतात. मी स्वतः अनेक वर्षे उपासना चालवली आहे, तेव्हा हे बाहेरून केलेले बोलणे नव्हे.

आरंभ स्तोत्र 13 पासून करावा. ते केवळ सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत “किती वेळ” हा प्रश्न चार वेळा येतो, आणि तो शेजाऱ्यांना किंवा स्वतःच्या मनाला विचारलेला नसून थेट परमेश्वराला विचारलेला आहे: तू मला विसरलास काय, तू तोंड का लपवतोस? पुढच्या दोन वचनांत विनवणी आहे, आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे. या दोहोंच्या मध्ये नेमके काय घडले, हे स्तोत्रकर्ता सांगत नाही. प्रश्नांची उत्तरे मिळाल्याचेही तो कोठे म्हणत नाही. पहिल्या दोन वचनांवर पुष्कळ दिवस अडकून पडले तरी चालते, कारण तीही प्रार्थनाच आहे.

रात्रपाळीची_सिस्टर

परळच्या एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. कामावर असताना मी कोणालाही वचने ऐकवत नाही, ते माझे काम नव्हे. पण रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी स्वतःहून मागितले, तर दोन मिनिटे शेजारी उभी राहून वाचते. पाळकसाहेबांनी शोकाविषयी लिहिले आहे, मी भीतीविषयी लिहिते, कारण रात्री तीच अधिक दिसते.

ताई, तुम्ही स्तोत्र 56 त्याच्या शीर्षकासह वाचा. इस्राएलाचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांनी दावीदाला गथ येथे धरले तेव्हाचे ते आहे, असे तेथे लिहिले आहे. तो प्रसंग 1 शमुवेलच्या एकविसाव्या अध्यायात सापडतो: गल्याथाला पाडणारा दावीद तेथे आखीश राजाला इतका घाबरला की त्याने वेडाचे सोंग घेतले, फाटकाच्या कवाडांवर रेघोट्या ओढल्या आणि दाढीवर लाळ गाळली. या माणसाच्या तोंडी स्तोत्र 56 आहे. तिसऱ्या वचनात तो म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, आणि चौथ्या वचनात म्हणतो की मी भिणार नाही. दोन्ही वाक्ये एकाच दमात येतात. भीती आधी निघून गेली आणि मग भरवसा आला, असा क्रम येथे नाही. “विश्वासणाऱ्याने भिऊ नये” असे सांगणाऱ्यांनी ही दोन वचने सलग वाचलेली नसावीत.

आठव्या वचनात तो देवाला सांगतो की माझी आसवे तू आपल्या बुधलीत साठवून ठेव. ज्याची आसवे जपून ठेवली जावीत, त्याला रडण्याबद्दल कोण कशाला बोल लावील?

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री लांब स्तोत्र कोणाला पेलत नाही. स्तोत्र 121 पेलते, कारण ते आठच वचनांचे आहे आणि त्यात इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपही घेत नाही, हे स्पष्ट सांगितले आहे. झोप न येणाऱ्या माणसाला एवढे पुष्कळ वाटते. स्तोत्र 130 मध्ये पहारेकरी पहाटेची वाट पाहतात हे वाक्य लागोपाठ दोनदा येते. ते दोनदा का आहे, हा प्रश्न रात्रपाळी केलेल्या माणसाला पडत नाही.

घाबरलेल्या माणसाने मनातल्या मनात वाचू नये, पुटपुटत का होईना पण मोठ्याने वाचावे. ओळीच्या शेवटी श्वास घ्यावाच लागतो, आणि धडधड कमी व्हायला तेवढी मदत होते.

वचनात_स्थिर

आपल्या दुःखात मी सहभागी आहे. तरीही येथे चाललेल्या चर्चेविषयी एक शंका मांडतो. आपण नव्या कराराचे लोक आहोत. “सदोदित आनंद करा” अशी आज्ञा प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात केली आहे, आणि ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये असेही त्याच पत्रात सांगितले आहे. ख्रिस्त उठला आहे हे ठाऊक असताना आपण दावीदाच्या काळात परत जाऊन “तू मला विसरलास काय” असे देवाला का विचारावे? अशा वाचनाने मन अधिकच खचेल, अशी भीती वाटते. घरात स्तुतीची स्तोत्रे वाचावीत, 103 किंवा 146, असे माझे मत आहे.

भायखळ्याचा_निवृत्त_पाळक

स्तोत्र 103 अवश्य वाचावे, त्याला माझा विरोध नाही. पण पौलाचे ते वाक्य पुन्हा पाहावे. त्याने खेद करण्यास मनाई केलेली नाही. आशा नसलेल्यांच्या खेदासारखा तुमचा खेद नसावा, एवढेच तो म्हणतो. रोमकरांस लिहिताना तोच पौल शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असे सांगतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर तो कबूल करतो की आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला ही देवाने माझ्यावरही केलेली दया होती, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. ते पत्र आनंदाचे पत्र म्हणून ओळखले जाते, आणि हे वाक्य त्यातलेच आहे.

राहिला प्रश्न ख्रिस्त उठल्यानंतर विलापस्तोत्रांकडे परत का जावे, याचा. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांप्रमाणे वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी स्तोत्र 22 चा पहिला प्रश्न आहे, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” लूकच्या शुभवर्तमानात त्याचे शेवटचे उद्गार स्तोत्र 31 मधील आहेत. त्याच्या आदल्या रात्री, शेवटच्या भोजनानंतर, शिष्यांसह गीत गाऊन तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला. वल्हांडण या यहुदी सणाच्या परंपरेप्रमाणे ती स्तोत्रे 113 ते 118 यांपैकी असावीत. देवाच्या पुत्राला मरणाच्या घडीला स्वतःचे नवे शब्द शोधावे लागले नाहीत, लहानपणापासून पाठ असलेले त्याने उच्चारले. मग ते शब्द त्याच्या मंडळीला जुने झाले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? स्तोत्र 22 बाविसाव्या वचनापासून स्तुतीकडे वळते, हे खरे आहे. पण पहिली एकवीस वचने गाळून त्या वळणावर पोहोचण्याची सोय स्तोत्राने ठेवलेली नाही.

गोराईकर

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे मराठी बोलणारे, कॅथोलिक. आमच्याकडे मृत्यूनंतर सातव्या दिवसाच्या मिस्साला, म्हणजे पवित्र उपासनेला, घर माणसांनी भरते, त्यामुळे वाचन कोणी निवडावे हा प्रश्न थोडा सुटसुटीत असतो. पहिल्या वाचनानंतरचे प्रतिसाद स्तोत्र ठरलेल्या यादीतून घेतले जाते. अंत्यविधीच्या त्या यादीत 23 बरोबर 27, 42, 116, 130 आणि 143 ही स्तोत्रे आहेत, 91 मात्र नाही. 91 रात्री निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत येते, 4 आणि 134 यांच्या जोडीने, आणि ही व्यवस्था संत बेनेडिक्टच्या नियमाइतकी, म्हणजे सहाव्या शतकाइतकी, जुनी आहे. दिवस संपवून अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या माणसाने म्हणायचे ते स्तोत्र आपण मातीवरून परतलेल्या माणसाला ऐकवतो, यातच काही चुकते असे मला वाटते.

जुन्या कॅथोलिक पुस्तकांत क्रमांक एकाने कमी आढळले तर गोंधळू नये. ग्रीक भाषांतरात 9 आणि 10 ही एकच धरली गेल्यामुळे 130 तेथे 129 होते.

शोक आणि भीती एकाच वेळी आलेल्या माणसाचे उदाहरण हवे असेल, तर संत ऑगस्टीन यांचे पाहावे. सन 430 मध्ये ते मरणशय्येवर होते आणि त्याच वेळी वांडाल या जर्मानिक टोळीच्या सैन्याने त्यांच्या उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराला वेढा घातलेला होता. त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन समोरच्या भिंतीवर लावली आणि पडल्या पडल्या ती वाचत ते रडत राहिले, असे त्यांच्या सहकाऱ्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. आयुष्यभर स्तोत्रांवर प्रवचने दिलेल्या त्या विद्वानाने शेवटी आपल्याला सगळे पाठ आहे असे म्हटले नाही, डोळ्यांसमोर अक्षरे मागितली.

कुर्ल्याचा_जुना_रहिवासी

एका स्तोत्राचे नाव मी जोडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री आम्ही आठ-दहा जण एका बंद दुकानाच्या ओट्यावर उभे होतो आणि पाणी पायऱ्या चढत होते. स्तोत्र 46 मला पाठ होते, पृथ्वी ढळली आणि समुद्र खवळला तरी आम्ही भिणार नाही असे त्यात आहे, पण ते तोंडून निघेना, कारण मी भ्यालो होतो. स्तोत्र 69 निघाले. पाणी गळ्याशी आले आहे, पाय टेकायला जागा नाही, ओरडून ओरडून घसा सुकला आहे, अशी त्याची सुरुवात आहे. स्तोत्रकर्त्याच्या लेखी ते पाणी म्हणजे त्याचे वैरी, हे मला ठाऊक होते. त्या रात्री मी ते अक्षरशः घेतले, आणि देवाने रागावण्याचे काही कारण मला दिसत नाही.

46 नंतर पुन्हा म्हणता आले. ताई, तुमच्या घरी 91 चेही कधीतरी तसेच होईल. नाही झाले तरी हरकत नाही.

शेजारधर्म

मी ख्रिस्ती नाही, दादरला राहतो, शेजारच्या कुटुंबामुळे हा विषय वाचत आहे. देवाकडे गाऱ्हाणे मांडण्यात अवघडल्यासारखे काय आहे, हे मला मराठी माणूस म्हणून नीटसे कळले नाही. तुकोबांनी विठोबाशी किती वेळा भांडण मांडले आहे, आणि करुणाष्टके म्हणतच आमची पिढी वाढली.

माझी अडचण निराळी आहे. शेजारच्या मुलाला एका भरधाव वाहनाने उडवले, चालक सापडलेला नाही. त्याच्या वडिलांनी मला स्तोत्र 137 दाखवले. बाबेलच्या नद्यांपाशी बसून रडणाऱ्यांचे ते गीत फार सुंदर आहे, पण शेवटची वचने वाचून मी हादरलो. शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. अशा प्रार्थनेने सांत्वन होते का?

गोराईकर

प्रश्न योग्य आहे आणि त्याने आमच्या चर्चलाही अडवले आहे. सन 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित प्रार्थनाविधीतून 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे संपूर्ण गाळण्यात आली, आणि 137 ची ती शेवटची वचनेही गाळली गेली. समुदायाने एकत्र म्हणायच्या प्रार्थनेपुरता तो निर्णय मला पटतो. बायबलमधून मात्र ती कोणी काढलेली नाहीत.

भायखळ्याचा_निवृत्त_पाळक

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याचा मुलगा गेला आणि गुन्हेगार मोकळा आहे, त्याच्या मनात सूड नसेल असे आपण धरून चालतो, हीच मोठी चूक आहे. तो राग कोठेतरी जाणारच. घरातल्यांवर निघेल, नाहीतर आतल्या आत त्याला पोखरील. या स्तोत्रांत तो देवापुढे मांडला जातो, आणि न्याय करणे हे देवाचे काम म्हणून त्याच्याकडेच ठेवले जाते. स्तोत्र बोलणाऱ्याने हाती दगड घेतलेला नाही, हे लक्षात घ्यावे. प्रभूने वैऱ्यांवर प्रीती करावयास सांगितले, म्हणून ख्रिस्ती माणसाला त्या वचनांवर थांबून राहता येत नाही. परंतु मुलाला पुरून आलेल्या बापाला ती वाचू नकोस असे सांगायला मी जाणार नाही. आपण त्यांच्याजवळ बसता, हे फार चांगले करता.

माझगावकरीण

सर्वांचे मनापासून आभार. स्तोत्र 13 आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “हे कोणी मला आधी का नाही दाखवलं?” आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचायला सांगितले. माझ्यासाठी 56 आहे. गाडी उशिरा येते तेव्हा पहिली चार वचने मोठ्याने म्हणते. धडधड पूर्ण थांबत नाही, पण हातातले काम सुटत नाही.

आता वर्षाची स्मरणार्थ उपासना जवळ आली आहे. वहिनीने स्वतः शोधून स्तोत्र 88 निवडले आहे. मी ते वाचले आणि गोंधळले, कारण त्यात शेवटी भरवशाकडे वळणे नाहीच. आप्तमित्र दूर गेले आणि अंधारच ओळखीचा उरला, असे म्हणून ते संपते. ते लोकांसमोर वाचणे योग्य होईल का?

वचनात_स्थिर

मला ते योग्य वाटत नाही. घरी वाचावे. उपासनेत येणाऱ्यांमध्ये लहान मुले असतील, नव्याने विश्वासात आलेले असतील, आणि त्यांनी आशेचा शब्द घेऊन परत जावे. चर्चा वाचून माझे पहिले मत मी बरेच सैल केले आहे, पण येथे मी थांबतो.

गोराईकर

वहिनींनी निवडले आहे, तेव्हा वाचावे. कोरहाच्या वंशजांचे, म्हणजे मंदिरातील गायकांच्या घराण्याचे, ते गीत मंदिरात गाण्यासाठी होते, एकट्याने कोपऱ्यात म्हणण्यासाठी नव्हे. आमच्या रात्रीच्या प्रार्थनेत दर शुक्रवारी तेच येते, प्रभू ज्या दिवशी मेला त्या दिवसाचे म्हणून.

रात्रपाळीची_सिस्टर

विधवेने स्वतः निवडलेले वाचन बदलू नये. फक्त ते तिलाच वाचायला लावू नका. आवाज अडकला तर पुढे घेणारे कोणी शेजारी उभे असावे.

भायखळ्याचा_निवृत्त_पाळक

स्तोत्र 88 च्या पहिल्याच वचनात बोलणारा परमेश्वराला “माझ्या उद्धारक देवा” अशी हाक मारतो. अंधारातही तो ज्याच्याशी बोलतो आहे त्याला सोडत नाही, आणि उपासनेत वाचण्यासाठी मला एवढे पुरेसे वाटते. सुरुवातीला कोणीतरी दोन वाक्यांत सांगावे की हे वाचन कुटुंबाने निवडले आहे, म्हणजे श्रोते बिचकणार नाहीत.

क्रम असा ठेवावा. प्रथम 88, वहिनींच्या वतीने कुटुंबातील कोणीतरी वाचावे, आणि ते संपल्यावर लगेच 23 सुरू करू नये. तसे केल्यास आपण घाईघाईने त्यांचे तोंड बंद केल्यासारखे होते. थोडा वेळ शांत बसावे, मग एक संथ चालीचे गीत घ्यावे, टाळ-ढोलकीशिवाय. त्यानंतर 130 दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणावे. वचने आठच आहेत, ठळक अक्षरांत छापून वाटावीत, कारण आपल्या मंडळीत चष्मा घरी विसरणारे पुष्कळ असतात. शुभवर्तमानासाठी योहान 11 घ्यावा, मार्थेच्या शब्दांसह, की प्रभू, तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. 23 अगदी शेवटी ठेवावे आणि ते आपल्या मातोश्रींनी पाठ म्हणावे, बाकीच्यांनी त्यांच्या मागून.